वजन कुणी उचलायचं? हलक्या ओआरएमचा आढावा

डेटाबेसमध्ये टेबलं असतात, प्रोग्रॅममध्ये ऑब्जेक्ट असतात आणि या दोघांची सोयरीक जमवून देणाऱ्या लायब्ररीला ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपर, म्हणजे ओआरएम म्हणतात. ही लायब्ररी किती मोठी असावी यावर प्रोग्रॅमर मंडळी गेली वीस-पंचवीस वर्षं हिरिरीनं भांडत आहेत. एका बाजूला जावातलं हायबरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं एंटिटी फ्रेमवर्क. त्यांचं म्हणणं असं, की तुम्ही ऑब्जेक्ट सांभाळा, एसक्यूएल आमच्यावर सोपवा. दुसऱ्या बाजूला डॉटनेटमधलं डॅपर, पायथनमधलं पीवी, जावातलं मायबॅटिस अशी मंडळी, ज्यांना सरसकट ‘हलकी’ म्हटलं जातं. पण जवळून पाहिलं तर ही दुसरी बाजू एकजिनसी नाही. काही लायब्रऱ्या आकारानं लहान आहेत, पण एसक्यूएल मोठ्यांइतकंच लपवतात. काही मात्र काहीच लपवत नाहीत. प्रकल्प सुरू करताना हा फरक पाहिला नाही, तर फसगत होते आणि ती बहुधा प्रणाली चालू होऊन वर्ष उलटल्यावर ध्यानात येते, जेव्हा बदल करायला कुणाच्या हाती वेळ नसतो.

भांडणाचं मूळ 1970 मध्ये आहे. आयबीएमच्या सॅन होझे इथल्या प्रयोगशाळेतले एडगर कॉड यांनी त्या वर्षी रिलेशनल मॉडेलवरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. माहिती कुठल्या वाटेनं शोधायची ते प्रोग्रॅमनं सांगायचं नाही, कुठली माहिती हवी तेवढं सांगायचं, हा त्यातला गाभा. त्याच कंपनीत डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी 1974 मध्ये त्यासाठी एक भाषा मांडली, तीच पुढे एसक्यूएल झाली. ऑब्जेक्टचा विचार नेमका उलटा चालतो. सभासदाच्या ऑब्जेक्टकडून त्याच्या कर्जखात्याकडे, खात्याकडून हप्त्यांकडे, हप्त्याकडून पावतीकडे असं एकेक पाऊल टाकत जायचं. रिलेशनल डेटाबेसला ही चाल मानवत नाही. त्याला पूर्ण प्रश्न एकदाच विचारलेला बरा पडतो.

ही दरी बुजवायचे सुरुवातीचे प्रयत्न मोठ्या कंपन्यांच्या खिशाला परवडतील असे होते. टॉपलिंक स्मॉलटॉक भाषेत जन्मलं, जावात आलं आणि 2002 मध्ये ऑरॅकलच्या मालकीचं झालं. जावाच्या अधिकृत मार्गानं जायचं तर एंटरप्राइझ जावाबीन्समधली एंटिटी बीन वापरावी लागे. एका साध्या टेबलासाठी तीन-चार जावा फाइली, वर एक्सएमएलची भेंडोळी; नाकापेक्षा मोती जड. त्याला वैतागून ऑस्ट्रेलियातल्या गॅव्हिन किंग यांनी 2001 मध्ये हायबरनेट सुरू केलं. आज ‘जड ओआरएम’ म्हटलं की पहिलं बोट ज्याच्याकडे जातं, ते हायबरनेट त्या काळी हलकं म्हणून गाजलं होतं! 2006 मध्ये जेपीए हे जावाचं मानक आलं, तेव्हा त्यातल्या बऱ्याच कल्पना हायबरनेटच्याच होत्या.

दरम्यान 2002 मध्ये मार्टिन फाउलर यांनी एंटरप्राइझ प्रणालींच्या रचनेवरच्या पुस्तकात या साऱ्या युक्त्यांना नावं दिली: अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्ड, डेटा मॅपर, युनिट ऑफ वर्क, आयडेंटिटी मॅप, लेझी लोड. 2004 मध्ये रुबी ऑन रेल्स आलं आणि अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्ड घराघरात पोचलं. मग 2006 मध्ये टेड न्यूवर्ड यांनी एक गाजलेला लेख लिहून ओआरएमला संगणकशास्त्राचं व्हिएतनाम म्हटलं. सुरुवातीला पटापट यश मिळतं, मग माणूस रुतत जातो आणि पाय मागे घेता येत नाही, असा त्यांचा रोख होता. उपमा भडक आहे, पण ज्यानं दहा टेबलांचं जॉइन हायबरनेटकडून करवून घेण्यात संध्याकाळ घालवली आहे, त्याला ती पटते.

हलक्यांचा खरा उठाव 2011 मध्ये झाला, तोही डॉटनेटच्या अंगणात. पीटापोको, मॅसिव्ह आणि डॅपर ही तिन्ही त्याच वर्षीची. त्यांतलं डॅपर टिकलं आणि पसरलं, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबू. स्टॅक ओव्हरफ्लोचे अभियंते तेव्हा मायक्रोसॉफ्टचं लिंक-टू-एसक्यूएल वापरत होते. वाहतूक वाढली तशी सर्व्हरच्या प्रोसेसरवर ताण दिसू लागला. मोजमाप केल्यावर कळलं, की डेटाबेस आपलं काम झटपट उरकतोय. वेळ जातोय तो सी-शार्पमधल्या अभिव्यक्तीचं एसक्यूएल बनवण्यात आणि आलेल्या रोंचे ऑब्जेक्ट बनवण्यात. सॅम सॅफ्रन आणि मार्क ग्रॅव्हेल यांनी त्यावर उपाय म्हणून डॅपर लिहिलं. सुरुवातीला ते अक्षरशः एका फाइलीत होतं.

डॅपर करतं काय? डेटाबेस कनेक्शनला ते ‘क्वेरी’ आणि ‘एक्झिक्यूट’ अशा काही मेथड जोडतं. एसक्यूएल तुम्ही लिहायचं, पॅरामीटर तुम्ही द्यायचे. एखादी क्वेरी आणि एखादा क्लास अशी जोडी पहिल्यांदा समोर आली, की डॅपर त्या जोडीपुरता रो वाचून ऑब्जेक्ट भरणारा कोड चालू प्रोग्रॅममध्येच तयार करतं आणि जपून ठेवतं. पुढच्या वेळी तोच कोड धावतो, म्हणून वेग हातानं लिहिलेल्या कोडइतका राहतो. ऑब्जेक्टमध्ये काय बदललं यावर पाळत नाही, लेझी लोड, म्हणजे हात लावल्यावरच माहिती आणणं, नाही, स्वतःहून एसक्यूएल बनवणं नाही. डॅपरच्या माहितीपत्रकात पूर्वी एक तक्ता असे. 500 वेळा एकेक रो वाचायला हाताच्या कोडला 47 मिलिसेकंद, डॅपरला 49, आणि एंटिटी फ्रेमवर्कला कच्ची क्वेरी दिली तरी 631.

हा तक्ता कित्येक बैठकांत हत्यारासारखा वापरला गेला. पण 631 ला 500 नं भागा: एका क्वेरीमागे सव्वा मिलिसेकंद. दिवसभरात अफाट क्वेऱ्या सोसणाऱ्या संकेतस्थळासाठी ही बचत मोठी होती. जिल्ह्याच्या गावातल्या पतसंस्थेच्या प्रणालीला तिनं काहीही फरक पडत नाही. तिथं दोन सेकंद खाणारी क्वेरी असते ती इंडेक्स नसलेल्या टेबलामुळे, आणि डॅपर काही इंडेक्स घालून देत नाही. वेगासाठी हलकं ओआरएम घ्या, हा सल्ला म्हणूनच मला अर्धवट वाटतो. ते घ्यायचं खरं कारण दुसरं आहे: डेटाबेसकडे काय जातंय ते कोडमध्ये डोळ्यांना दिसतं.

न दिसण्यानं काय होतं याचा सर्वांत जुना नमुना म्हणजे ‘एन अधिक एक’ क्वेऱ्यांचं दुखणं. समजा, पडद्यावर 200 कर्जदारांची यादी दाखवायची आहे आणि प्रत्येकासमोर त्याच्या जामीनदाराचं नाव. प्रोग्रॅमर सभासदांची यादी मागवतो: एक क्वेरी. मग लूपमध्ये सभासदाच्या ‘जामीनदार’ या गुणधर्माला हात लावतो. दिसायला साधा टिंब आणि नाव, पण लेझी लोडमुळे प्रत्येक वेळी एक क्वेरी जाते. एकूण 201. डेटाबेस शेजारीच असेल आणि एका फेरीला 1 मिलिसेकंद लागत असेल, तर हे कुणाच्या लक्षातही येत नाही. तोच डेटाबेस दूरच्या क्लाउडवर गेला आणि फेरी 20 मिलिसेकंदांची झाली, की पडदा उघडायला चार सेकंद. कोडमध्ये एक ओळही बदललेली नसते आणि सगळे क्लाउडवाल्याला शिव्या देतात.

या दुखण्यावर आपल्याकडे आयआयटी मुंबईत भक्कम काम झालं आहे. जगभर शिकवल्या जाणाऱ्या ‘डेटाबेस सिस्टम कन्सेप्ट्स’ या पाठ्यपुस्तकाचे सहलेखक प्रा. एस. सुदर्शन आणि रवींद्र गुरवण्णवर यांनी 2008 मध्ये एक रीत मांडली. लूपमध्ये सुटी सुटी जाणारी क्वेरी आपोआप एकगठ्ठा करायची आणि डेटाबेसला एकदाच विचारायची, अशी ती रीत. त्याच गटातून पुढे डीब्रिज हे साधन निघालं आणि 2016 मध्ये साध्या लूपच्या कोडवरून समकक्ष एसक्यूएल शोधून काढण्याचं तंत्र आलं. त्या गटातले कार्तिक रामचंद्र नंतर मायक्रोसॉफ्टमध्ये फ्रॉइड या कामात होते. फ्रॉइडचं तंत्र एसक्यूएल सर्व्हर 2019 मध्ये वापरात आलं आणि डेटाबेसमधली फंक्शनं रो-गणिक चालण्याऐवजी मूळ क्वेरीतच विरघळू लागली. ओआरएमच्या वादात या संशोधनाचं नाव फारसं कुणी घेत नाही, पवईपासून पुण्यापर्यंतच्या कंपन्यांतही नाही.

डॅपरमध्ये लेझी लोड नसल्यामुळे टिंबामागून चोरपावलांनी क्वेरी जाणं शक्य नाही. 201 फेऱ्या मारायच्याच असतील तर लूपमध्ये स्वतःच्या हातानं क्वेरी लिहावी लागते. लोक तेही करतात म्हणा! पण निदान कोड तपासणाऱ्याला ते दिसतं आणि तो टोकू शकतो.

आता हलक्या ओआरएमच्या पोटातल्या खोडी. पहिली मराठी मजकुराशी थेट जोडलेली आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये मजकुराचे दोन प्रकार: व्हारकॅर आणि एनव्हारकॅर. ‘शिंदे’ हे नाव देवनागरीत सुखरूप ठेवायचं तर आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एनव्हारकॅरच लागतो. नेहमीच्या व्हारकॅरमध्ये अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते. म्हणून डॅपर सी-शार्पमधला कुठलाही मजकूर एनव्हारकॅर समजूनच पाठवतं आणि ते योग्यच आहे. पण पॅन क्रमांक, आयएफएससी कोड, पावती क्रमांक हे कॉलम इंग्रजी अक्षरांचे, म्हणून जागा वाचवायला व्हारकॅर ठेवलेले असतात. अशा कॉलमवर एनव्हारकॅर पॅरामीटर आदळला, की डेटाबेस कॉलमचंच रूपांतर करू लागतो, आणि कोलेशन जुन्या पठडीचं असेल तर इंडेक्सवर नेमकी उडी मारण्याऐवजी तो सगळा इंडेक्स चाळत बसतो. क्वेरी अचूक, उत्तर अचूक, वेळ मात्र शंभरपट. डॅपरमध्ये यासाठी ‘डीबीस्ट्रिंग’ नावाचा प्रकार आहे. तो वापरून ‘हा मजकूर एनव्हारकॅर नव्हे’ असं सांगता येतं. एंटिटी फ्रेमवर्कला कॉलमचा प्रकार एकदा सांगून ठेवला की ते ही काळजी स्वतः घेतं. डॅपरला तुमच्या टेबलाची काहीच माहिती नसते, त्यामुळे ते घेऊच शकत नाही.

दुसरी खोड जास्त घातक. कॉलमचं नाव आणि क्लासमधल्या गुणधर्माचं नाव जुळलं नाही, तर डॅपर तक्रार करत नाही. तो गुणधर्म तसाच कोरा सोडून पुढे जातं. आकडा असेल तर शून्य. कुणीतरी कॉलमच्या नावात अंडरस्कोअर घातला, क्वेरीत तारांकन असल्यामुळे ती चालत राहिली, आणि थकबाकीच्या अहवालात सगळ्यांची थकबाकी शून्य! अंडरस्कोअर दुर्लक्षित करायची सोय डॅपरमध्ये आहे, पण मुळात ती बंद असते. यावर साधा उपाय म्हणजे क्वेरीत तारांकन न टाकता कॉलमची नावं लिहायची आणि महत्त्वाच्या क्वेऱ्यांना खऱ्या डेटाबेसवरची चाचणी जोडायची.

वाचण्याच्या बाबतीत एवढं सांभाळलं की हलकं ओआरएम सुखाचं असतं. कसोटी लागते ती लिहिताना. एका खात्यात 10,000 रुपये आहेत. एका खिडकीवर 2,000 भरणा होतोय, त्याच क्षणी दुसऱ्या खिडकीवर 1,000 काढले जाताहेत. दोन्हीकडच्या प्रोग्रॅमनं 10,000 वाचले. पहिल्यानं 12,000 लिहिले, दुसऱ्यानं त्यावर 9,000. खात्यात हवे होते 11,000. हायबरनेटमध्ये क्लासवर आवृत्तीचा एक कॉलम नेमून दिला, की प्रत्येक बदलाच्या वेळी ‘मी वाचली तीच आवृत्ती अजून आहे ना’ ही तपासणी आपसूक होते आणि दुसरी खिडकी अडवली जाते. डॅपरमध्ये ती अट प्रत्येक अपडेटच्या व्हेअरमध्ये तुम्ही लिहायची. शिवाय ‘एक्झिक्यूट’ किती रो बदलल्या तो आकडा परत देतं, तो शून्य आला तर थांबायचं हेही तुम्हीच. प्रत्यक्षात हा आकडा बघणारा कोड क्वचित आढळतो. फाउलर यांनी ज्याला युनिट ऑफ वर्क म्हटलं, ते सगळं काम इथं प्रोग्रॅमरच्या माथी येतं: आधी पावती, मग तिचा क्रमांक घेऊन तपशील, मग खात्याची शिल्लक, सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, त्याच क्रमानं. टेबलं चार असतील तर हे जमून जातं. चाळीस असतील आणि बदल कुठूनही होत असतील, तर हायबरनेट उगाच जड नाही हे पटू लागतं.

पायथनमध्ये वेगळीच तऱ्हा. पीवी चार्ल्स लायफर यांनी 2010 मध्ये सुरू केलं. तेही मुख्यतः एका फाइलीत, एसक्यूलाइट, मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस यांच्याशी बोलणारं. छोटं संकेतस्थळ, घरच्या घरी केलेली नोंदवही, एखादी स्क्रिप्ट यांसाठी त्याच्याइतकं गोड साधन मी पाहिलेलं नाही. पण पीवी डॅपरच्या जातीचं नाही. ते क्लासवरून एसक्यूएल बनवतं आणि दुसऱ्या टेबलाकडे नेणाऱ्या गुणधर्माला हात लावला की मुकाट्यानं क्वेरी पाठवतं. म्हणजे ते 201 फेऱ्यांचं दुखणं इथं जसंच्या तसं आहे, आणि पीवीचे कर्ते प्रामाणिक असल्यामुळे त्यांनी ते टाळण्यावर दस्तऐवजात वेगळा भाग लिहिला आहे. उलट माइक बायर यांचं 2006 पासूनचं एसक्यूएलअल्केमी भलंमोठं, पण त्याचे दोन थर स्वच्छ वेगळे ठेवलेले. खालचा ‘कोअर’ थर नुसता घेतला तर प्रत्येक क्वेरी स्वतः मांडावी लागते आणि लपून काहीही जात नाही. आकारानं जड आणि वागण्यानं हलकं, असंही असतं.

मायबॅटिसबद्दल थोडक्यात. क्लिंटन बेगिन यांनी आयबॅटिस या नावानं ते सुरू केलं, अपाचे संस्थेत ते नांदलं आणि 2010 मध्ये नव्या नावानं बाहेर पडलं. एसक्यूएल एक्सएमएल फाइलीत लिहायचं, ही त्याची ओळख. चीनमध्ये त्याचा वापर प्रचंड आहे. एकच गोष्ट कायम ध्यानात ठेवायची: पॅरामीटरच्या महिरपी कंसाआधी हॅश चिन्ह असेल तर मूल्य सुरक्षितपणे बांधलं जातं, डॉलर चिन्ह असेल तर मजकूर थेट क्वेरीत चिकटवला जातो. शोधाच्या पानावर क्रमवारीसाठी टाकलेलं एक डॉलर चिन्ह एसक्यूएल इंजेक्शनला दार उघडून देतं.

मोबाइलवर हा वाद जवळजवळ मिटलेला आहे. अँड्रॉइडसाठी गूगलनं 2017 मध्ये रूम आणलं. त्यात क्वेरी आपण लिहितो, आणि टेबल किंवा कॉलमचं नाव चुकलं असेल तर अ‍ॅप बांधतानाच ते अडतं. डॅपरची शून्यवाली खोड इथं मुळातच कापली गेली. शिवाय एका एंटिटीनं दुसऱ्या एंटिटीचा ऑब्जेक्ट पोटात ठेवायला रूम सरळ मनाई करतं. त्याचं कारण गूगलनं दस्तऐवजात लिहून ठेवलं आहे: लेझी लोड बहुधा पडदा रंगवणाऱ्या थ्रेडवर होतो आणि तिथं एका चित्रासाठी जेमतेम 16 मिलिसेकंद असतात. इतकं स्पष्ट कारण देऊन सोय नाकारणारी ओआरएम विरळाच.

क्वेरी तुम्ही लिहा, तपासणी यंत्रावर सोपवा, हा रूमचा मार्ग आता इतरत्रही रुळतो आहे. गो भाषेतलं एसक्यूएलसी तुमच्या एसक्यूएलवरून फंक्शनं तयार करून देतं. जावातलं जूक टेबलांवरून क्लास बनवतं आणि मग क्वेरीच जावाच्या कंपायलरकडून तपासून घेतं. मला पुढच्या काळाची वाट हीच दिसते. मजकूर म्हणून एसक्यूएल लिहिण्यातली मोकळीक राहते आणि कॉलमचं नाव बदलल्याची बातमी ग्राहकाच्या फोनवरून कळत नाही.

जडांनीही दरम्यान बरंच वजन उतरवलं आहे. 2016 मध्ये नव्यानं लिहिलेलं एंटिटी फ्रेमवर्क कोअर आलं. त्याच्या 2022 च्या आवृत्तीत ऑब्जेक्ट न उचलता थेट डेटाबेसमध्ये एकगठ्ठा बदल करायची सोय झाली. 2023 च्या आवृत्तीत तुमची कच्ची क्वेरी कुठल्याही साध्या क्लासमध्ये ओतता येऊ लागली, म्हणजे डॅपरचं निम्मं काम. 2011 चा तो तक्ता घेऊन आज कुणी वाद घालत असेल तर तारीख विचारा.

डॉटनेटमध्ये आज नवं काम हाती आलं तर मी दोन्ही एकत्र वापरीन. नोंदी लिहिण्याचा, हिशेब बदलण्याचा भाग एंटिटी फ्रेमवर्ककडे. अहवाल, याद्या, शोध यांसाठी डॅपर. दोघांना एकाच कनेक्शनवर, एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये चालवता येतं, त्यामुळे यात तांत्रिक अडचण नाही. टेबलांच्या रचनेतले बदल गावोगावच्या शाखांपर्यंत क्रमानं पोचवायचं काम डॅपर करत नाही. एंटिटी फ्रेमवर्क ते करतं. नुसतं डॅपर घेणाऱ्यानं त्यासाठी फ्लायवेसारखं वेगळं साधन पहिल्याच दिवशी ठरवावं. पायथनमध्ये छोट्या कामाला पीवी, वाढणार हे दिसत असेल तर एसक्यूएलअल्केमी. आणि ज्या टीममध्ये क्वेरीचा प्लॅन उघडून वाचता येणारा एकही माणूस नाही, तिनं हलक्याच्या वाटेला जाऊ नये. तिनं आधी जड ओआरएम घ्यावं, क्वेरी लॉग चालू करावा आणि तो रोज वाचावा.